सतरावा नियम आणि दोन बिनशेपटीचे

"उंदीर नाहीत हे, आजोबा. हॅमस्टर आहेत," आठ वर्षांची नात म्हणाली आणि तिने पिंजरा सेक्रेटरींच्या हातात दिला.

सेक्रेटरींनी आधी पिंजऱ्यात पाहिलं, मग जिन्यात पाहिलं, आणि नात, लेक, जावई, पिंजरा अशा सगळ्यांना एका दमात घरात ओढून दार लावून घेतलं. पिंजऱ्यात मुठीएवढे दोन करडे गोळे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले होते. एकाचं नाव बटण, दुसऱ्याचं बक्कल. शेपूट म्हणावं असं दोघांनाही काही नव्हतं. पण दात होते, मिशा होत्या, आणि सेक्रेटरींच्या मते मिशा हलवत जो कुरतडतो तो उंदीर. मग लाडाने त्याला काहीही म्हणा.

"चार दिवस फक्त, बाबा," लेक म्हणाली. "रविवारी येतोच आम्ही. जपाल ना? हिचा जीव आहे त्यांच्यात."

नातीने नुसतं आजोबांकडे पाहिलं, आणि सेक्रेटरी "हो" म्हणून बसले. माणूस आयुष्यात एकदाच विचार न करता "हो" म्हणतो असं नाही, पण सेक्रेटरींचं हे पहिलंच होतं, म्हणून नोंद करायची.

आता या भल्या माणसाची अडचण सांगायला हवी. नगरपालिकेच्या नळजोडणी विभागात ते हेडक्लार्क होते आणि अकरा वर्षं इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बायको सोडून सगळं जग त्यांना सेक्रेटरीच म्हणायचं. ऑफिसात एकदा एक गृहस्थ डोक्यापासून पायापर्यंत निथळत आले आणि म्हणाले, "साहेब, घरातला नळ फुटलाय हो!" सेक्रेटरी म्हणाले, "कागद दाखवा." त्यात दुष्टपणा काडीचा नव्हता. जे कागदावर नाही ते जगात नाही, अशी त्यांची साधी श्रद्धा होती. सोसायटीचे चाळीस नियम त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि ती एकुलती एक प्रत त्यांच्या घरातल्या लाकडी कपाटात, दप्तराच्या पहिल्या गठ्ठ्यात होती. दुसरी प्रत त्यांनी कुणाला काढू दिली नाही. प्रती काढल्या की लोक वाचतात, आणि वाचलं की शंका काढतात.

त्यातला सतरावा नियम असा: इमारतीत कोणताही प्राणी, पक्षी अथवा तत्सम जीव पाळता येणार नाही.

हा नियम दोन वर्षांपूर्वी जन्मला तो तळमजल्यावरच्या आत्यांच्या मांजरीमुळे. तिला सगळे राणीसरकार म्हणत. वार्षिक सभेत ती टेबलावर चढली, सेक्रेटरींच्या अहवालावर पसरली आणि दीड तास उठली नाही. सेक्रेटरींनी तिच्या पोटाखालून दिसेल तेवढा अहवाल वाचला. लोक हसले. हसू वाईट असतं. ते इतिवृत्तात लिहिता येत नाही आणि विसरताही येत नाही. पुढच्याच महिन्यात सतरावा नियम आला, चहाच्या आधी सह्या झाल्या, आणि सगळ्यांत शेवटी आत्यांनी एक शब्द न बोलता सही केली. राणीसरकार गावाच्या दुसऱ्या टोकाला भाच्याकडे गेली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी आत्या हातात डबा घेऊन बसने तिला भेटायला जात. जिन्यात तो डबा दिसला की सेक्रेटरींना नेमकं तेव्हाच जिन्याच्या कठड्याचा रंग तपासावासा वाटे.

तर अशा माणसाच्या घरात बटण आणि बक्कल.

जाताना नातीने वहीचं एक पान दिलं. वर मोठ्या अक्षरात 'सूचना', खाली अकरा मुद्दे. सेक्रेटरींनी पान उलटून पाहिलं. तारीख नव्हती, सही नव्हती. सहीवाचून आलेला कागद त्यांनी तीस वर्षांत वाचला नव्हता. त्यांनी पानाची घडी घातली आणि अपूर्ण अर्ज म्हणून खिशात ठेवलं.

"अहो, पिंजरा ठेवायचा कुठे?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नी. शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे प्रश्न नेहमी उत्तर असलेलेच विचारायच्या.

"कपाटात. दप्तराच्या खालच्या कप्प्यात. त्याची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नाही."

"दप्तराशेजारी उंदीर?"

"हॅमस्टर," सेक्रेटरी म्हणाले. आपला तो बाब्या.

हवा जावी म्हणून कपाटाचं दार बोटभर उघडं ठेवून गुरुवारी दोघं कामाला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा पिंजऱ्याचं दार उघडं होतं, आणि आत होतं फक्त त्यांचं पळायचं चाक.

घराची दशा काय सांगावी! काकूंच्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरची एक बाही गायब होती. टेलिफोनच्या वायरवर दातांची नक्षी होती, पण फोन अजून चालत होता, हे पुढे दुर्दैवच ठरलं. सेक्रेटरींच्या मऊ चपलेतला कापूस कुणीतरी नीट, टाका न सोडता काढून नेला होता. टेबलावरच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे कोपरे खाल्लेले होते, आणि गुण कोपऱ्यातच लिहायची काकूंची पद्धत. तीस मुलांचा निकाल दोन हॅमस्टरांच्या गालात गेला होता. हे प्राणी खाण्याचं सोंग करून सगळं गालात भरतात आणि पुढे कुठेतरी साठवतात, हे नातीच्या सूचनेत सहाव्या क्रमांकाला होतं. सेक्रेटरींनी ते पान आता कुठे खिशातून काढलं होतं. नववी सूचना होती: "बटणला कडी उघडता येते. कडीला चिमटा लावाच. लावाच."

"तिने 'लावाच' दोनदा लिहिलंय," काकू म्हणाल्या.

"सही नव्हती ना पण!" सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

त्यांनी कपाटात डोकावलं. दप्तराचे गठ्ठे जागच्या जागी, गाठी त्यांनी मारल्या तशाच. जीव भांड्यात पडला. दार उघडं असल्यावर आत कोण थांबणार? इतक्या वर्षांच्या नोकरीचा अनुभव त्यांना हेच सांगत होता. आता पळालेले परत येऊन दप्तराला तोंड लावतील म्हणून त्यांनी पिंजरा बाहेर काढून कपाटाला घट्ट कुलूप घातलं, आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचे टेलरमास्तर, हातात तीन प्रतींत लिहिलेला अर्ज. अर्ज तीन प्रतींत असावा हा नियम सेक्रेटरींचाच.

"माझ्या घरात उंदीर आहे, सेक्रेटरी. शिलाई मशीनच्या खणात सूर्यफुलाच्या बिया सापडल्या. खडू नेलाय अर्धा. आणि मी पाहिलाय त्याला. शेपूटच नाही!"

"शेपूट नाही?" सेक्रेटरी शक्य तितक्या आश्चर्याने म्हणाले.

शेपूट नसल्याची बातमी दहा मिनिटांत इमारतभर झाली. जिन्यात सल्लागार जमले. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, शेपूट नाही म्हणजे ती पूर्वी सापळ्यात गेलेली. हा अनुभवी उंदीर आहे, साध्या सापळ्याला दाद देणार नाही. कुणी म्हणालं मिरचीची धुरी द्या, कुणी म्हणालं काचा कुटून टाका. टेलरमास्तरांनी पहिल्यांदा लिंबाएवढा दाखवलेला उंदीर चौथ्या वेळी सांगताना बुटाएवढा झाला. आत्या तेवढ्या पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "इमारतीत मांजर होती तेव्हा नव्हता बाई असला कुणी." सेक्रेटरींनी कठड्याचा रंग तपासला.

आता खरी चूक ऐका. नियम एकवीसप्रमाणे उंदराची तक्रार अठ्ठेचाळीस तासांत नगरपालिकेच्या मूषक विभागाला कळवायची. दुसरा कुणी असता तर त्याने सत्तेचाळीस तास कागद दाबून ठेवला असता. पण सेक्रेटरींच्या हाताला सवय वाईट. शुक्रवारी सकाळी ऑफिसात डबा काढायला बॅग उघडली, अर्ज दिसला, आणि डोकं नातीचा विचार करत असताना हाताने शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, "तातडीचे" असं लिहिलं आणि शिपायाबरोबर वरच्या मजल्यावर पाठवूनही दिला. अर्ध्या तासात उत्तर आलं. एवढ्या तत्परतेने नगरपालिकेत कुठलंही काम कधी झालं नव्हतं. उद्या, शनिवारी सकाळी दहा वाजता, जिन्यात आणि प्रत्येक घरात विषाच्या गोळ्या.

सेक्रेटरी धावत वर गेले. मूषक विभागाचे इन्स्पेक्टर सुस्त, दयाळू गृहस्थ होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली उंदरांचीच चित्रं लावलेली.

"अर्ज मागे घ्यायचाय," सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले.

"घ्या की. कागद भरा." इन्स्पेक्टरांनी फॉर्म पुढे सारला. "कारणासमोर खूण करा. उंदीर मेला, उंदीर गेला, उंदीर नव्हताच, किंवा उंदीर पाळीव आहे."

मेला म्हणवेना. गेला म्हणावं तर टेलरमास्तर साक्षीला. नव्हताच म्हणावं तर त्याच टेलरमास्तरांचा खडू. उरला शेवटचा रकाना. त्याच्यासमोर लिहिलं होतं: मालकाचं नाव, पत्ता, सही.

सेक्रेटरींनी पेन उघडलं, मिटलं, आणि फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. उद्या दहापर्यंत दोघं सापडली तर हा फॉर्म लागणारच नव्हता. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हेडक्लार्क आजारी असतील असं समजून विभागातल्या लोकांनी त्यांना रिक्षापर्यंत पोहोचवलं.

दुपारभर ते हातात गाजराचा तुकडा घेऊन जिन्यात ओणवे फिरत होते. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, मीटरच्या पेटीमागे पाहिलं. "बटण... बटण..." असं हलक्या आवाजात बोलावताना वर पाहिलं तर टेलरमास्तर उभे.

"बटण हरवलं? कुठलं? शर्टाचं का कोटाचं?" असं म्हणत ते घरात गेले आणि बटणांचा अख्खा डबा घेऊन आले. सेक्रेटरींना त्यातलं एक बटण निवडावं लागलं, आणि टेलरमास्तरांनी ते त्यांच्या शर्टाला, जिथे बटण आधीच होतं त्याच्या शेजारी, उभ्याउभ्या शिवून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

संध्याकाळी फोन वाजला. वायर कुरतडलेली असूनही वाजला.

"आजोबा, बटणला फोन द्या ना."

सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. शेवटी त्यांनी फोन रिकाम्या पिंजऱ्याला टेकवला आणि बोटाने चाक फिरवलं. चर्र, चर्र.

"इतकं हळू?" पलीकडून आवाज आला. "बरं नाही का त्याला?"

सेक्रेटरींनी जोरात फिरवलं. इतक्या जोरात की चष्मा नाकावरून घसरला.

"आता बरोबर," नात म्हणाली. "आजोबा, मला वाटलं होतं तुम्ही त्यांना ठेवूनच घेणार नाही. आई म्हणाली, आजोबांचा नियम असतो. मी म्हटलं, आजोबा माझे आहेत."

फोन ठेवल्यावर सेक्रेटरी बराच वेळ चाकापाशी बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मा नव्हता म्हणून आलं, असं त्यांनी काकूंना सांगितलं.

शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना मूषक विभागाचे इन्स्पेक्टर आले. हातात गोळ्यांची पिशवी, काखेत रजिस्टर. अख्खी इमारत जिन्यात होती. टेलरमास्तरांनी मशीनचा खण पुरावा म्हणून काढून आणला होता. आत्या डबा घेऊन बसकडे निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

"इथे सही करा, सेक्रेटरी. अजून सहा इमारती आहेत मला," इन्स्पेक्टर म्हणाले.

सेक्रेटरींनी पेन उघडलं. समोर एक ओळ, खाली रेघ. आयुष्यभर त्यांनी अशा रेघेवर सही करायला क्षणाचाही वेळ लावला नव्हता. सही केली की अकरा वर्षांची अब्रू शाबूत राहणार होती, आणि उद्या नात येणार होती. त्यांनी रजिस्टर मिटलं, खिशातून कालचा फॉर्म काढला, कठड्यावर ठेवून शेवटच्या रकान्यात खूण केली आणि आपल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं.

"काय लिहिलंय?" टेलरमास्तरांनी मान लांब केली.

"पाळीव," इन्स्पेक्टरांनी मोठ्याने वाचलं. "मालक..." ते थांबले. "मालक तुम्ही?"

"मी," सेक्रेटरी म्हणाले. "दोन आहेत. नातीचे. परवापासून सापडत नाहीत. आणि विष कुठेही टाकायचं नाही, हात जोडून सांगतो."

जिन्यात एवढी शांतता पसरली की वरच्या मजल्यावरचं दूध उतू गेलेलं खाली ऐकू आलं. इन्स्पेक्टरांनी पिशवीला गाठ मारली. "पाळीव म्हणजे माझ्याकडे येत नाही. पाळीव विभाग वेगळा. तो सोमवारी उघडतो," असं म्हणून ते पुढच्या इमारतीकडे निघून गेले. सरकारी माणसाने एवढं चांगलं काम इतक्या सहज केलेलं सेक्रेटरींनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग मात्र गलका उसळला. टेलरमास्तर तर इतके दुखावले होते की त्यांनी काल शिवलेलं बटण परत मागितलं. त्या सगळ्या आरड्याओरड्यात आत्या पुढे आल्या.

"भांडा नंतर. आधी जीव शोधा. सेक्रेटरी, तुमच्याकडे सगळ्यांत जास्त कागद कुठे आहे?"

"कपाटात. पण ते कुलपात आहे. गाठीसुद्धा जशाच्या तशा..."

"चौदा वर्षं मांजर सांभाळली मी. घर करणारा जीव गाठ सोडून आत जात नाही. उघडा."

गळ्यातली किल्ली लावली, दार उघडलं. आत्यांनी पहिला गठ्ठा अलगद पुढे ओढला. पुढून गठ्ठा होता. मागून बोगदा होता. कपाटाच्या पाठच्या फळीत जुन्या वायरिंगचं भोक, त्यातून थेट टेलरमास्तरांच्या घरात जायची वाट, आणि गठ्ठ्याच्या पोटात स्वेटरची बाही, चपलेचा कापूस, अर्धा खडू आणि तीस मुलांचे गुण अशा थाटामाटात बटण आणि बक्कल एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले. डोंगर पोखरून उंदीर निघतो असं सेक्रेटरी ऐकून होते. इथे दप्तर पोखरून दोन निघाले.

"काखेत कळसा," आत्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी दोघांना ओंजळीत घेतलं. बटणने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं, अंगठ्याचा वास घेतला आणि पुन्हा झोपला. कुठल्याही सभेने आभाराचा ठराव केल्यावर सेक्रेटरींना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"ते सगळं ठीक," टेलरमास्तर म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम! सतराव्या नियमाखाली कारवाई झाली पाहिजे. राणीसरकारला एक न्याय आणि यांना दुसरा?"

"बरोबर आहे," सेक्रेटरी मान खाली घालून म्हणाले. "कारवाई व्हायलाच हवी. मी राजीनामा..."

"थांबा," आत्या म्हणाल्या. "कुठला नियम?"

"सतरावा, आत्या. प्राणी पाळायचा नाही."

आत्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दोन वर्षं साठवून ठेवलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "कागद दाखवा."

सेक्रेटरींनी गठ्ठ्याकडे पाहिलं. वळणदार अक्षरातले चाळीसच्या चाळीस नियम, सगळ्यांच्या सह्यांसकट, तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यांत बक्कलच्या पोटाखाली अंथरलेले होते. दुसरी प्रत नव्हती. प्रत काढू दिली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली, इतिवृत्ताची वही घेतली, आणि सगळ्यांसमोर हळूहळू लिहिलं: "नियम क्रमांक सतरा दप्तरी आढळून येत नाही. सबब अस्तित्वात नाही." तारीख घातली. सही केली. नंतर वही मिटत ते आत्यांना म्हणाले, "आज डबा नेऊ नका. टोपली न्या." आत्या भरभर जिना उतरून गेल्या. बस पकडायला त्या इतक्या घाईने निघालेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

रविवारी नात आली. तिने दोघांना उलटंपालटं करून तपासलं आणि आजोबांकडे रोखून पाहिलं. "थोडे जाड झालेत. तुम्ही माझी यादी वाचली होती ना?"

"वाचली," सेक्रेटरी म्हणाले. "पुढच्या वेळी खाली सही करत जा. म्हणजे वेळेवर वाचता येते."

इकडे राणीसरकार शनिवारी संध्याकाळीच आली होती. दार उघडायला खाली खुद्द सेक्रेटरी उभे होते. टोपलीतून उतरल्यावर तिने आत्यांच्या घराकडे पाहिलंही नाही. ती सरळ सेक्रेटरींकडे आली, त्यांच्या पँटीला नाक लावलं, डोळे मिटले, आणि त्यांच्या मागोमाग दोन जिने चढून त्यांच्या कपाटासमोर जाऊन बसली. हॅमस्टर आपल्या घरी परत गेले तरी ती रोज येते, कपाटाशी नाक लावून तासन्‌तास बसते आणि सेक्रेटरी हलले की त्यांच्या पायांशी घोटाळते. मांजर ती, पण मन किती मोठं, तिने सेक्रेटरींना माफ केलं, असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. आत्यांनाही तसंच वाटतं आणि त्या पदराने डोळे टिपतात. टेलरमास्तरांनी तर दुसरं बटणही राहू दिलं.

खरं कारण सेक्रेटरींना चांगलं ठाऊक आहे. पण याबाबत त्यांनी अद्याप परिपत्रक काढलेलं नाही.